गव्हाणीतला पेंढा : हस्तकलेतून ख्रिस्ती मूल्ये लहान मुलांपर्यंत कशी पोहोचतात

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती घरांत आणि शब्बाथशाळांत मुलांकडून कापसाची कोकरे, पतंगाच्या कागदाचे तारे आणि पुठ्ठ्याचे देवदूत करवून घेतले जातात. या वस्तूंच्या निमित्ताने मुलांच्या मनात प्रीती, क्षमा आणि औदार्य रुजावे, अशी त्यामागची मनापासूनची इच्छा असते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक पालकांना एक विसंगती पुन्हा पुन्हा दिसते. नव्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्या मेंढराला शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट ऐकत ज्या मुलाने पुठ्ठ्यावर कापूस चिकटवून देखणे कोकरू तयार केले, तेच मूल पाच मिनिटांनी धाकट्या बहिणीला डिंकाची बाटली द्यायला साफ नकार देते. गोष्ट त्याला आवडलेली असते, कोकरूही मन लावून केलेले असते, आणि तरीही त्या गोष्टीतली प्रीती डिंकाच्या बाटलीपर्यंत येऊन पोहोचत नाही. असे का होते आणि ती पोहोचावी यासाठी काय करावे लागते, हे समजून घ्यायचे तर लहान मुलाचे मन, हाताने केलेली वस्तू आणि घरातील मोठ्यांचे वागणे या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

मोठे शब्द आणि लहान मन

मूल्य म्हणजे वागण्याचे दोन मार्ग समोर असताना त्यांपैकी एक निवडायला लावणारी आतली धारणा. खरे बोलावे की लपवावे, वाटून घ्यावे की राखून ठेवावे, सोडून द्यावे की परतफेड करावी, अशा प्रसंगी तिची खरी ओळख पटते. ख्रिस्ती विचारात या धारणेला आणखी एक पाया आहे. देवाने माणसावर आधी प्रीती केली, म्हणून माणसाने माणसावर करावी. देवाने क्षमा केली, म्हणून आपणही करावी, असा हा क्रम आहे. त्यामुळे येथे सद्वर्तन हे मिळालेल्या प्रेमाला दिलेले उत्तर ठरते, आणि हा क्रम उलटला तर मुलाला चांगुलपणा शिकवता शिकवता देवाशी सौदा करणे शिकवले जाते. लेखाच्या उत्तरार्धात हा मुद्दा पुन्हा महत्त्वाचा ठरेल.

तीन ते सात वर्षांच्या मुलाला ‘क्षमा’ किंवा ‘नम्रता’ हे शब्द उच्चारता येतात, पण ज्या गोष्टी पाहता, धरता वा करता येत नाहीत त्यांच्याविषयी विचार करणे त्याला अवघड जाते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी साधारण दोन ते सात वर्षांच्या या टप्प्याला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले. या वयात मुलाचा विचार डोळ्यांपुढच्या वस्तूंना आणि प्रसंगांना घट्ट धरून चालतो. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या नैतिक विचारावरील ग्रंथात पियाजे यांनी दोन मुलांच्या गोष्टींचा उपयोग केला होता. एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, तर दुसऱ्याकडून मुरंबा गुपचूप काढताना एकच कप फुटतो. जास्त चूक कोणाची, असे विचारल्यावर लहान वयाची बरीच मुले पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत, कारण त्यांच्या दृष्टीने हेतूपेक्षा डोळ्यांना दिसणारे नुकसान मोठे होते. मुलांना हेतू पियाजे यांना वाटले त्यापेक्षा लवकर उमगतो, असे पुढील अभ्यासांतून दिसले असले, तरी दिसणाऱ्या नुकसानीचा लहान मनावर पडणारा भार घरात रोज अनुभवाला येतो.

हस्तकलेच्या वेळी या निरीक्षणाचा फार उपयोग होतो. डिंक सतरंजीवर सांडला म्हणून आई रागावली आणि थोरल्याने धाकट्याच्या हातातून कात्री हिसकावली तिकडे तिचे लक्ष गेले नाही, तर त्या दिवशीचा धडा कोकरावर चिकटवलेल्या बायबलच्या वचनातून मिळत नाही. सांडणे हा मोठा गुन्हा आणि हिसकावणे ही किरकोळ गोष्ट, एवढेच मूल शिकते.

येशूच्या शिकवणुकीची रीत या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. मोहरीचा दाणा, पिठातले खमीर, घर झाडून शोधलेले नाणे, समुद्रात टाकलेले जाळे अशा हाताळायच्या वस्तूंमधून शुभवर्तमानातील दृष्टांत उभे राहतात. सेवेचा अर्थ सांगण्याची वेळ आली तेव्हा, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायानुसार, येशूने कमरेला रुमाल गुंडाळला, गंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुतले. त्याचे स्पष्टीकरण त्याने नंतर दिले. आधी कृती आणि मग अर्थ हा क्रम लहान मुलांच्या मनाला विशेष मानवतो.

वस्तू खूण कधी बनते?

कापसाचे कोकरू मुलाला काही शिकवणार असेल, तर एकाच वेळी दोन गोष्टी त्याच्या ध्यानात राहाव्या लागतात : ते हातातले एक खेळणे आहे, आणि ते स्वतःपलीकडच्या कशाची तरी खूणही आहे. मोठ्यांना ही क्षमता इतकी अंगवळणी पडलेली असते की लहानपणी ती हळूहळू घडत जाते, याचा त्यांना विसर पडतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही घडण स्पष्ट दिसली. एका खोलीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करून तिच्यात, मुलाच्या देखत, एक छोटे खेळणे लपवले गेले, आणि तसेच मोठे खेळणे खऱ्या खोलीत त्याच जागी लपवले आहे असे मुलाला सांगितले गेले. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनी खऱ्या खोलीत जाऊन मोठे खेळणे शोधले. अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांना ते जमले नाही, जरी प्रतिकृतीतले छोटे खेळणे कोठे आहे हे त्यांना नीट आठवत होते. छोटी खोली ही मोठ्या खोलीची खूण आहे, एवढाच दुवा त्यांच्या मनात जुळला नव्हता.

पुढच्या प्रयोगांतून आणखी उद्बोधक गोष्ट पुढे आली. तीन वर्षांच्या मुलांना आधी काही वेळ त्या प्रतिकृतीशी खेळू दिले, तर त्यांना खोलीतले खेळणे शोधणे जड जाऊ लागले. उलट प्रतिकृती काचेआड ठेवून तिला हात लावू दिला नाही, तेव्हा अडीच वर्षांच्या मुलांची कामगिरी सुधारली. वस्तू स्वतःच जितकी आकर्षक खेळणे बनते, तितका तिच्यापलीकडचा अर्थ मुलाला कमी दिसतो, असा याचा आशय आहे. खिडकीच्या काचेवर रंगीत नक्षी काढत गेले तर काच सुंदर होते, पण बाहेरचे अंगण दिसेनासे होते. चमकी, टिकल्या आणि लेस यांनी मढवलेल्या कोकराच्या बाबतीत नेमके हेच घडते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी हाती लागतात. तीन वर्षांखालील मुलांना कागद फाडू द्यावा, कणीक मळू द्यावी, मेणबत्तीकडे पाहत शांत बसू द्यावे, परंतु ‘हे कोकरू म्हणजे तू’ असा अर्थ त्यांच्याकडून अपेक्षू नये. तीन वर्षांनंतर अर्थ जोडायला सुरुवात करता येते, मात्र तेव्हाही वस्तू साधी, कमी रंगांची आणि एकाच गोष्टीकडे बोट दाखवणारी असावी, आणि गोष्ट वस्तू करण्यापूर्वी सांगावी, म्हणजे हात चालू असताना मुलाच्या मनात त्या वस्तूचे स्थान आधीच तयार असते.

हाताने केलेले का टिकते?

‘दरवाजा ढकल’, ‘धागा गुंडाळ’ अशा सूचना नुसत्या ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष करून पाहिल्या तर त्या अधिक लक्षात राहतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना १९८० च्या दशकापासून वारंवार आढळले आहे. कृती करताना डोळे, स्नायू आणि स्पर्श यांचे माग एकाच आठवणीला जोडले जातात, त्यामुळे तिच्याकडे परतण्याच्या वाटा वाढतात. हस्तकलेचे बळ येथे आहे आणि तिची मर्यादाही येथेच आहे, कारण हात जे करतात तेच मनात टिकते. कोकरू करताना हात कापूस चिकटवतात, म्हणून कापूस चिकटवण्याचे कौशल्य टिकते. वाटून घेणे टिकायचे असेल, तर हातांनी त्या वेळी काहीतरी वाटून घेतले पाहिजे.

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर यात मिळते. मूल्य वस्तूच्या विषयात असून भागत नाही, ते वस्तू करण्याच्या रीतीत उतरावे लागते. तीन मुलांसाठी मुद्दाम एकच डिंकाची वाटी आणि एकच कात्री ठेवली, आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लावली, आणि तयार झालेली वस्तू कोणाला तरी द्यायची आहे हे आरंभीच ठरवले, तर संयम आणि औदार्य हे त्या तासातील रोजचे व्यवहार बनतात.

येथे मुलाच्या स्वतःच्या निवडीला मोठे स्थान आहे. नादिया चेर्न्याक आणि तमार कुश्नीर या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका उदास बाहुल्याला स्टिकर देण्याची संधी दिली गेली. ज्या मुलांनी स्वतःजवळ ठेवता येण्याजोगा स्टिकर स्वतःच्या निवडीने देऊन टाकला, त्यांनी पुढच्या वेळी, सांगितल्यावरून देणाऱ्या मुलांपेक्षा, अधिक वाटून घेतले. स्वतः निवडून आणि काहीतरी सोडून दिल्यावर मुलाला आपण देणारे आहोत हे स्वतःच्याच वागण्यावरून कळते. म्हणून ‘दे बरं ताईला’ अशा आज्ञेऐवजी ‘ताईला यातला कोणता तारा द्यावा, तूच ठरव’ असे म्हणणे अधिक फलदायी असते, आणि मुलाने न देण्याचे ठरवले तर तो निर्णयही त्या दिवसापुरता शांतपणे मानावा लागतो.

परंपरेने शोधलेल्या वाटा

आधुनिक प्रयोगांनी जे दाखवले, त्याची जाण ख्रिस्ती परंपरेत बरीच आधीपासून दिसते. १२२३ सालच्या नाताळात असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी खरी गव्हाणी, सुका चारा, बैल आणि गाढव आणवून ख्रिस्तजन्माचा प्रसंग लोकांसमोर उभा केला. बेथलेहेमच्या गोठ्यातील दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावे, असा त्यामागचा हेतू होता. आज गोव्यातील घराघरांत आणि वसईच्या गावांत उभारले जाणारे गोठे त्याच परंपरेतले आहेत, आणि गोठा जेव्हा वाड्यातली मुले मिळून माती, गवत आणि पोती गोळा करून बांधतात, तेव्हा त्या परंपरेचा मूळ हेतू अधिक नीट साधला जातो. बांबूच्या कामट्या बांधून त्यांवर पतंगाचा कागद चिकटवण्याची आकाशकंदिलाची कला महाराष्ट्रातील मुलांच्या हातांना परिचित असते; नाताळचा पंचकोनी तारा करताना तीच कला उपयोगी पडते.

जर्मनीत हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखेर्न हे धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी एक आश्रमशाळा चालवत. नाताळला किती दिवस राहिले, असे मुले सतत विचारत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर आगमनकाळातील, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांतील, रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज चार मेणबत्त्यांचे जे आगमनचक्र चर्चमध्ये आणि घरांत दिसते, त्याचा उगम येथे सांगितला जातो. वाट पाहणे ही अमूर्त गोष्ट त्या चाकामुळे मोजता येणारी आणि रोज हाताने पुढे नेता येणारी झाली.

बालशिक्षणाच्या इतिहासातही हाच धागा आहे. १८३७ साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढणारे आणि पुढे तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव देणारे फ्रीडरिख फ्रोबेल हे एका ल्यूथरन धर्मोपदेशकाचे पुत्र होते. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम या कृतींना त्यांच्या पद्धतीत मध्यवर्ती स्थान होते, कारण सृष्टीतील एकता मुलाने हातांनी अनुभवावी अशी त्यांची धारणा होती. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना या पद्धतीचा अभ्यास केला आणि परतल्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. मराठी ख्रिस्ती परंपरेला हाताने शिकण्याचा हा वारसा रमाबाईंसारख्या श्रेष्ठ व्यक्तीकडून लाभला आहे.

विसाव्या शतकात, १९५४ साली, रोममध्ये हिब्रू भाषेच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती आणि मारिया माँटेसरी यांच्या सहकारी जान्ना गोब्बी यांनी मुलांच्या धर्मशिक्षणाची ‘उत्तम मेंढपाळ’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत घडवली. तिच्यातली साधने मुद्दाम साधी असतात : लाकडाचा एक मेंढपाळ, काही मेंढरे आणि त्यांचे कुंपण. मूल ती मेंढरे एकेक करून मेंढपाळामागे नेते आणि शिक्षक अर्थ सांगून टाकण्याऐवजी विचारतो की ही मेंढरे कोण असतील. प्रतीक साधे असावे आणि त्यामागचा अर्थ मुलाने स्वतः ओळखावा, ही दोन्ही तत्त्वे तेथे एकत्र येतात.

एक कृती जवळून : गव्हाणी आणि पेंढा

आगमनकाळात रिकामी गव्हाणी ठेवून तिच्यात रोज थोडा पेंढा घालत जायचा आणि नाताळच्या आदल्या रात्री त्यावर बाळ येशूची मूर्ती ठेवायची, ही प्रथा अनेक देशांतील ख्रिस्ती घरांत आहे. हा काळ नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, त्यामुळे तो वर्षानुसार २२ ते २८ दिवसांचा असतो आणि लहान मुलाला पेलेल इतकाच लांब असतो.

गव्हाणीसाठी बुटांचा जुना खोका किंवा जाड पुठ्ठा पुरतो. चिकटवण्यासाठी घरगुती खळ उत्तम : दोन चमचे गव्हाचे पीठ वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न राहता कालवावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे, मिश्रण दाट होऊन त्याला किंचित चकाकी आली की ते उतरवून कोमट होऊ द्यावे. मुलाने ते तोंडात घातले तरी भीती नसते, आणि शिजवण्याचे काम मोठ्यांनी केले तरी कालवण्याचे काम मूल आनंदाने करते. चार वर्षांखालील मुलांनी तपकिरी कागदाचे तुकडे हाताने फाडून खोक्यावर चिकटवावेत, कारण कात्री सफाईने चालवण्याइतकी बोटे बहुधा अजून तयार नसतात. त्याहून मोठ्यांना बोथट टोकाची कात्री देता येते. पेंढा भाताचा असेल, ज्वारीच्या कडब्याचा असेल किंवा शहरात सुतळी उसवून केलेला असेल, त्याचे बोटभर तुकडे करून ते एका वाटीत गव्हाणीशेजारी ठेवावेत.

खरा भाग रात्रीच्या प्रार्थनेनंतर सुरू होतो. या प्रथेची प्रचलित रीत अशी की मुलाने दिवसभरात केलेल्या प्रत्येक सत्कृत्यासाठी एक काडी घालावी. या रीतीत एक छोटा बदल केला तर तिचा परिणाम पुष्कळ पालटतो : प्रत्येकाने स्वतःऐवजी घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी चांगुलपणासाठी काडी घालावी. ‘आजोबांनी मला रस्ता ओलांडताना हात धरला’, ‘दादाने त्याचा लाडू अर्धा करून दिला’ असे काहीतरी मूल आठवते, काडी उचलते आणि गव्हाणीत ठेवते. त्यासाठी त्याला दिवसभर इतरांकडे लक्ष द्यावे लागते, आणि कृतज्ञतेची सुरुवात अशा लक्ष देण्यातूनच होते. एखाद्या दिवशी भांडण झाले म्हणून गव्हाणीतली काडी कधीही काढून घेऊ नये. येणाऱ्या बाळाचा बिछाना कोणाच्या चुकीने कमी होत नाही, हे मुलाने न सांगता पाहिले पाहिजे.

बक्षिसाचा सापळा

स्वतःच्या सत्कृत्याची काडी स्वतः घालण्यात धोका कोणता, हे १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून कळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, रंगीत मार्करने चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले गेले की चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल. एक-दोन आठवड्यांनी, बक्षीस नसताना, याच मुलांनी मार्करपाशी घालवलेला वेळ इतरांच्या साधारण निम्मा भरला. ज्यांना काही न सांगता अचानक प्रशस्तिपत्रक दिले गेले होते, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. जे काम आपण आवडीने करत होतो ते आपण बक्षिसासाठी करतो, अशी समजूत एकदा झाली की बक्षीस थांबताच काम थांबते.

सत्कृत्यांच्या तक्त्यावर चिकटवलेल्या चांदण्या, सर्वांत जास्त काड्या घालणाऱ्याला चॉकलेट, बायबल पाठांतराची भावंडांमधली शर्यत यांतून नेमकी ही समजूत घडते. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने तिचा आणखी एक तोटा आहे. कृपा म्हणजे न कमावता मिळालेले देवाचे प्रेम, ही या श्रद्धेची गाभ्याची कल्पना आहे, आणि उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील पिता मुलाचा हिशेब न विचारता त्याला मिठी मारतो. प्रेम हे कामगिरीचे वेतन आहे असे हस्तकलेतूनच शिकवले गेले, तर तोंडाने सांगितलेली गोष्ट आणि हाताने केलेली कृती परस्परविरोधी ठरतात, आणि मूल हातांवर विश्वास ठेवते.

वर्षभरातील काही कृती

नाताळ हा उपासनावर्षाचा एक टप्पा आहे. वर्षाच्या इतर दिवसांतही प्रत्येक मूल्याला साजेशी कृती सापडते.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत (या गणनेत रविवार धरले जात नाहीत), मुलाने स्वतः दानपेटी करावी. मार्कच्या बाराव्या अध्यायातील गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन नाण्यांची गोष्ट आधी सांगावी, पेटीवर दोन गोल चिकटवावेत, आणि आठवड्याला काय टाकायचे ते मुलानेच ठरवावे. पेटी कोणासाठी आहे हे पहिल्याच दिवशी ठरलेले असावे आणि शेवटी ती मुलाच्या हातानेच पोहोचवली जावी.

क्षमेसाठी तुटलेली वस्तू दुरुस्त करणे हा उत्तम मार्ग आहे. भावंडाचे चित्र रागाने फाडले गेले असेल तर फाडणाऱ्याने आणि ज्याचे चित्र होते त्याने दोघांनी मिळून मागून कागदी पट्टी लावून ते जोडावे. एकाने तुकडे जुळवून धरायचे आणि दुसऱ्याने खळ लावायची, अशी वाटणी असली तर समेट दोघांशिवाय होत नाही हे आपोआप कळते. जोडल्याची खूण चित्रावर राहते आणि तरीही चित्र पुन्हा भिंतीवर लागते. क्षमेविषयी इतके खरे दुसऱ्या एखाद्या कृतीतून क्वचितच सांगता येईल.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पानांच्या पट्ट्या दुमडून क्रूस करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. किनारपट्टीवर नारळीची पाने सहज मिळतात आणि सहा-सात वर्षांचे मूल ती घडी पाहून पाहून शिकते. हे क्रूस वर्षभर घरात ठेवून पुढच्या वर्षी परत केले जातात आणि त्यांची राख उपवासकाळाच्या आरंभी, भस्म बुधवारी कपाळावर लावली जाते, हे कळल्यावर मुलाला उत्सव आणि पश्चात्ताप यांचा एकमेकांशी असलेला संबंध हाताने उमगतो.

त्याच रविवारी एका ताटलीत माती पसरून दगडांची छोटी कबर रचावी आणि भोवती मोहरी किंवा मेथी पेरावी. या बिया काही दिवसांतच उगवतात, म्हणून ईस्टरच्या सकाळपर्यंत कबरीभोवती हिरवळ आलेली असते. रोज पाणी घालणे आणि उकरून न पाहता थांबणे हा आशेचा अभ्यास आहे.

सेवेसाठी सहा वर्षांवरील मुलाला धावदोऱ्याने एका छोट्या रुमालाची कड शिवायला द्यावी. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट आधी सांगावी आणि तोच रुमाल पाहुण्यांना हात पुसण्यासाठी देण्याचे काम मुलाकडे सोपवावे.

या सर्व कृतींत मोठ्यांचे बोलणे मोजके असावे. ‘वा, किती सुंदर’ असे म्हटल्याने मुलाचे लक्ष वस्तूच्या देखणेपणाकडे वळते. ‘तू ताईची पाळी संपेपर्यंत थांबलास’ असे म्हटल्याने ते वागण्याकडे वळते. अर्थ सांगण्याऐवजी प्रश्न विचारावेत : ‘हरवलेल्या मेंढराला त्या रात्री कसे वाटले असेल?’, ‘उरलेली नव्याण्णव काय म्हणाली असतील?’ या प्रश्नांची ठरावीक उत्तरे नसतात आणि मुलाने दिलेले उत्तर दुरुस्तही करायचे नसते.

चौकट : थोडक्यात

• गोष्ट आधी, वस्तू नंतर आणि अर्थाचा प्रश्न सर्वांत शेवटी.
• तीन वर्षांखालील मुलांसाठी स्पर्श आणि लय पुरेशी. प्रतीकांचा अर्थ त्यानंतर.
• वस्तू साधी ठेवावी. सजावट वाढली की अर्थ झाकला जातो.
• साहित्य मुद्दाम कमी ठेवावे, म्हणजे वाटून घेणे आणि थांबणे घडते.
• नकळत सांडले तर मिळून पुसावे. हिसकावले तर लगेच लक्ष द्यावे.
• कोणाला काय द्यायचे याची निवड मुलाची असावी.
• सत्कृत्यांचा हिशेब, शर्यत आणि आधी कबूल केलेले बक्षीस टाळावे.

वस्तू घराबाहेर गेली पाहिजे

हस्तकलेचा शेवट बहुतेक घरांत शोकेसमध्ये किंवा मोबाइलमधल्या छायाचित्रात होतो, आणि तेथेच तिच्यातील मूल्यशिक्षण थांबते. लारा अक्निन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांहूनही लहान मुलांच्या चेहऱ्यावरील आनंद मोजला गेला. खाऊ मिळताना झालेल्या आनंदापेक्षा तो दुसऱ्याला देताना झालेला आनंद अधिक होता, आणि स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना तो आणखी वाढला. देण्याची ओढ लहान मुलात आधीपासूनच असते. मोठ्यांनी तिला वाट करून द्यायची असते. म्हणून मुलाने केलेला पहिला, मनाजोगता जमलेला तारा शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारावर लागावा, मग ते दार ख्रिस्ती घराचे असो वा नसो, आणि थोडा वाकडा झालेला तारा आपल्या घरी ठेवावा. उरलेसुरले देणे आणि चांगले ते देणे यांतील फरक कोणत्याही पाठांतरापेक्षा या एका निर्णयातून स्पष्ट होतो.

घरातील मोठी माणसेही त्या वेळी तसेच काही देत असतील, एकमेकांची माफी मागत असतील आणि चूक झाल्यावर मुलांचीही मागत असतील, तर कागद आणि खळ यांचे काम सोपे होते. ख्रिस्ती मूल्ये घरात राहत असतील तर हस्तकला ती मुलाच्या हातात देऊ शकते. ती घरात नसतील, तर कितीही सुबक कोकरू केले तरी ती मुलाला तेथे सापडणार नाहीत. त्यामुळे या अभ्यासाचा आरंभ पालकांपासून होतो.